तारीख-वेळेची टेस्ट मधूनच लाल होते? ती कधी फुटते ते आधी बघा

कोडला कुणी हात लावलेला नाही, तरी काल हिरवी (पास) असलेली टेस्ट आज लाल (नापास). कुणीतरी री-रन मारतं, हिरवी होते, मर्ज होऊन जातं आणि आठवड्याभराने पुन्हा तेच. अशा टेस्टच्या लॉगमध्ये तारखेची किंवा वेळेची स्ट्रिंग दिसली, तर री-रनचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा: किती वाजता फुटली, कोणत्या तारखेला फुटली, कोणाच्या मशीनवर फुटली आणि त्याआधी काय अपग्रेड झालं होतं. बहुतेक वेळा कारण या चारांतच सापडतं. तारखेच्या फॉरमॅटमधले दोष ठरावीक वेळीच डोकं वर काढतात. आपण मात्र त्यांना ‘फ्लेकी’, म्हणजे लहरी, असं लेबल लावून बाजूला सारतो.

म्हणून खाली कारणांऐवजी लक्षणांच्या क्रमाने लिहिलं आहे. पॅटर्नमधली (तारीख कशी छापायची ते सांगणाऱ्या साच्यातली) अक्षरं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत, कोडमध्ये ते अर्थात इंग्रजीत वाचावेत. ‘मोठं’ म्हणजे कॅपिटल, ‘लहान’ म्हणजे स्मॉल.

रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत फुटते

भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी यूटीसीत पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख चालू असते. टेस्ट ‘आजची तारीख’ भारतीय वेळेने काढते आणि सर्व्हर यूटीसीने. दिवसभर दोन्हींचं उत्तर एकच येतं, रात्री दोनला आपोआप चालणाऱ्या नाइटली बिल्डमध्ये मात्र एका दिवसाचा फरक पडतो. फुटण्याच्या वेळा या पट्ट्यात असतील तर दुसरीकडे शोधत बसू नका.

लॉगमध्ये १८:३० हा आकडा दिसला तर काम आणखी सोपं. १५ ऑगस्टची भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीत १४ ऑगस्टचे १८:३०. जावास्क्रिप्टमधल्या डेट पिकरने १५ ऑगस्ट निवडून दिला, त्याचा डेट ऑब्जेक्ट स्थानिक मध्यरात्रीचा बनला, पुढे कुणीतरी त्यावर ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ चालवून पहिली दहा अक्षरं कापून घेतली, आणि डेटाबेसमध्ये गेला १४ ऑगस्ट. आपल्याकडच्या बहुतेक टीमना हा बग कधी ना कधी भेटलेला असतो. यातली खरी गोम वेगळीच आहे. सीआयचा (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचा) सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो आणि यूटीसीत स्थानिक मध्यरात्र म्हणजे यूटीसीचीच मध्यरात्र. त्यामुळे तिथे तारीख सरकत नाही, टेस्ट हिरवी राहते आणि बग थेट ग्राहकापर्यंत पोचतो.

याचं उलटं रूप भारतात बसून दिसतच नाही. जावास्क्रिप्टला नुसती तारीख असलेली स्ट्रिंग दिली (२०२४-०८-१५, पुढे वेळ नाही), तर ती यूटीसी मध्यरात्र समजली जाते. तिच्यापुढे वेळ लावली आणि ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) दिला नाही, तर मात्र ती स्थानिक वेळ समजली जाते. पहिल्या प्रकारात पुण्यात १५ ऑगस्टचे पहाटेचे साडेपाच होतात, तारीख बरोबरच दिसते आणि सगळे खूश. कॅलिफोर्नियातल्या वापरणाऱ्याला तीच तारीख १४ ऑगस्ट दिसते. तिकडे राहणाऱ्या भावाने ‘तुमच्या अ‍ॅपमध्ये माझी जन्मतारीख एक दिवस मागे दिसते’ असं सांगेपर्यंत इकडे कुणाला पत्ता नसतो.

उपाय दोन. पहिला डिझाइनचा: जन्मतारीख, सुट्टी, हप्त्याची तारीख या गोष्टी ‘क्षण’ नसतात, नुसत्या तारखा असतात. त्यांना डेट-टाइमच्या डब्यात कोंबू नका. जावात लोकलडेट, पायथनमध्ये डेट, आणि एपीआयवर वर्ष-महिना-दिवस एवढीच स्ट्रिंग. दुसरा टेस्टचा: तोच संच तीन झोनमध्ये चालवा, म्हणजे यूटीसी, एशिया/कोलकाता आणि अमेरिका/लॉस एंजेलिस. एक ग्रीनिचच्या पुढचा आणि एक मागचा असल्याशिवाय हा दोष दोन्ही बाजूंनी पकडला जात नाही. झोन देताना टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोसेस सुरू होण्याआधीच सेट करा. जावात ‘युझर टाइमझोन’ ही सिस्टिम प्रॉपर्टी कमांड लाइनवरून द्या. टेस्टच्या आतून डीफॉल्ट झोन बदलणं हा वेगळाच खेळ आहे: एका टेस्टने बदलला आणि परत जागेवर ठेवला नाही, की पुढची भलतीच टेस्ट फुटते, तीही टेस्ट कोणत्या क्रमाने चालल्या त्यावर अवलंबून.

साडेपाच तासांचा फरक, पण शेवटी झेड मात्र आहे

स्ट्रिंगच्या शेवटचं झेड म्हणजे ‘ही वेळ यूटीसीतली’. हे लक्षण दिसलं की पॅटर्नमध्ये एकेरी अवतरणचिन्हातलं झेड शोधा. जावाच्या पॅटर्नमध्ये टी हे अक्षर अवतरणात घालावंच लागतं. त्याच ओघात झेडलाही अवतरणं लावलेली असतात. अवतरणातलं झेड म्हणजे नुसतं छापलेलं अक्षर, ते झोनकडे बघतही नाही. भारतीय वेळेचे दहा वाजले असताना स्ट्रिंग येते ‘१०:००, यूटीसी’, आणि ती धडधडीत खोटी असते. सीआय यूटीसीवर असेल तर तिथे हे खोटं खरं ठरतं, म्हणून टेस्ट पास.

ऑफसेटसाठी काय लिहायचं, तर मोठं एक्स तीनदा. त्याने +०५:३० असा कोलनसकट ऑफसेट येतो आणि शून्य ऑफसेट असेल तर झेड. लहान एक्स तीनदा लिहिलं तर शून्यालाही +००:०० येतं. अवतरणाविना मोठं झेड एकदा लिहिलं तर +०५३०, कोलन नाही. पायथनच्या एसटीआरएफटाइममध्येही टक्के-लहान-झेडला कोलन नसतो, पण त्याच भाषेचं आयएसओफॉरमॅट कोलन घालतं. दोन सर्व्हिस दोन भाषांत असल्या की इथे हमखास ठिणगी उडते. पायथनचं ‘फ्रॉम-आयएसओफॉरमॅट’ ३.११ आवृत्तीपासून शेवटचं झेड स्वीकारतं, त्याआधीच्या आवृत्त्या एरर देतात. म्हणजे लॅपटॉपवर ३.१२ आणि सर्व्हरवर ३.१० असेल तर कोडला दोष देण्यात अर्थ नाही.

क्वेरी स्ट्रिंगमध्ये ऑफसेट पाठवणारी टेस्ट असेल तर अधिकचं चिन्ह एन्कोड केलंय ना ते बघा. नाहीतर सर्व्हरला त्या जागी स्पेस मिळते, पार्सर ओरडतो आणि आपण तासभर फॉरमॅट तपासत बसतो.

अपग्रेडनंतर फुटली, आणि दोन्ही स्ट्रिंग डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात

हा सगळ्यात जास्त छळणारा प्रकार. ‘अपेक्षित: ५:०४ पीएम, मिळालं: ५:०४ पीएम’, आणि तरी लाल. डिफमध्ये काहीच दिसत नाही.

फरक पीएमच्या आधीच्या रिकाम्या जागेत असतो. तारखा-वेळा कोणत्या भाषेत कशा लिहायच्या याचा साठा युनिकोडचा सीएलडीआर हा प्रकल्प सांभाळतो, आणि जावा, नोड, ब्राउझर, अँड्रॉइड सगळे तिथूनच माहिती उचलतात. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या सीएलडीआर ४२मध्ये अमेरिकी इंग्रजीतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी स्पेस काढून तिथे न तुटणारी अरुंद स्पेस घातली गेली, युनिकोड क्रमांक २०२एफ. ती जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) २०मध्ये आली, नोडच्या १८.१३मध्ये आली, क्रोम ११०मध्येही आली. वेबवरच्या इतक्या गोष्टी मोडल्या, की क्रोम आणि नोडमधल्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाने पॅच लावून साधी स्पेस परत आणली. जावाने मात्र नवी स्पेस कायम ठेवली. परिणामी एकच वेळ सर्व्हरवर जावाने छापली आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने छापली, तर दोन्ही स्ट्रिंग अक्षरशः जुळतीलच असं नाही.

खात्री करायची असेल तर स्ट्रिंग छापू नका, तिचे कोड पॉइंट छापा. पायथनमध्ये ‘अ‍ॅस्की’ हे फंक्शन एका ओळीत काम करतं, जावात प्रत्येक कॅरॅक्टरचा हेक्स आकडा छापा. ३२ म्हणजे साधी स्पेस, हेक्समध्ये २०. त्या जागी २०२एफ किंवा ००ए० दिसलं, तर चोर सापडला. रेजेक्सने (स्ट्रिंगशी जुळवायच्या साच्याने) उरकायला गेलात तर तिथेही एक खाच आहे: बॅकस्लॅश-एस हे जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये या अरुंद स्पेसशी जुळतं, जावात डीफॉल्टने जुळत नाही. जावात त्यासाठी बॅकस्लॅश-लहान-एच आहे.

ही काही एकटीदुकटी घटना नाही. जेडीके ९ने (२०१७) मूळ साठाच बदलून सीएलडीआर घेतला, तेव्हा अमेरिकी इंग्रजीत तारीख आणि वेळ यांच्यामध्ये एक स्वल्पविराम येऊन बसला. जेडीके १६ने (२०२१) ब्रिटिश इंग्रजीतल्या सप्टेंबरचं तीन अक्षरी रूप चार अक्षरी केलं, आणि ‘एमएमएम म्हणजे तीन अक्षरं’ असं धरून चाललेल्या सगळ्या टेस्ट त्या सप्टेंबरमध्ये फुटल्या. अकरा महिने पास, एक महिना नापास. जुना साठा परत आणणारी ‘कॉम्पॅट’ नावाची पळवाट होती, ती जेडीके २३मध्ये (२०२४) काढून टाकली. तेव्हा ती सेटिंग कुठे लपून बसली असेल तर पुढच्या अपग्रेडच्या आधीच हुडकून काढा.

माझं मत इथे ठाम आहे. लोकेलनुसार (भाषा आणि देशाच्या सेटिंगनुसार) छापलेली स्ट्रिंग माणसाने वाचण्यासाठी असते आणि ती बदलणारच. तिची अक्षरनअक्षर तुलना करणारी टेस्ट आपल्या कोडची परीक्षा घेत नाही, सीएलडीआरची घेते. ते काम आपलं नाही. अशा ठिकाणी दोनच गोष्टी तपासाव्यात: योग्य क्षण, झोन आणि लोकेल फॉरमॅटरला दिले गेले का, आणि स्क्रीनवर योग्य दिवस, महिना, वर्ष दिसतात का. रिकाम्या जागा टेस्टमध्ये एकसारख्या करून तुलना करायलाही हरकत नाही. मात्र ही सफाई टेस्टपुरतीच ठेवा. प्रॉडक्शन कोडमध्ये स्पेस बदलत बसू नका.

दोन यंत्रांमधल्या करारात, म्हणजे एपीआय, लॉग, फाइलचं नाव, मेसेज क्यू यांत, लोकेलवर चालणारा फॉरमॅट मुळात असूच नये. तिथे आयएसओ ८६०१ किंवा त्याचं नेमकं, कडक रूप म्हणजे २००२चं आरएफसी ३३३९. आणि ती स्ट्रिंग मात्र अक्षरनअक्षर तपासावी.

क्वचित, शे-दोनशे किंवा हजारो रनमधून एकदा फुटते

सेकंदाच्या अपूर्णांकाकडे बघा. जावाचं इन्स्टंट स्वतःला स्ट्रिंगमध्ये बदलताना अपूर्णांक शून्य, तीन, सहा किंवा नऊ अंकी छापतं, जेवढे लागतील तेवढेच. मिलिसेकंद नेमके शून्य असले तर अपूर्णांक अख्खाच गायब. लोकलडेटटाइम तर एक पाऊल पुढे: सेकंदही शून्य असतील तर तेही छापत नाही, स्ट्रिंग तास-मिनिटावरच संपते. पायथनच्या आयएसओफॉरमॅटमध्ये मायक्रोसेकंद शून्य असले की दशांश भाग नाहीसा होतो. गो भाषेतला आरएफसी३३३९नॅनो हा साचा शेवटची शून्यं छाटून टाकतो. जावास्क्रिप्टचं ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ तेवढं शिस्तीचं, कायम तीन अंक आणि झेड.

टेस्टमध्ये ‘टिंबानंतर तीन अंक’ असा रेजेक्स असेल आणि कोड मिलिसेकंदापर्यंत वेळ कापून टूस्ट्रिंगवर विसंबून असेल, तर सरासरीने हजारात एकदा ती लाल होणार. री-रन मारला की अर्थातच हिरवी. दोष टेस्टचा नाही. कराराची स्ट्रिंग टूस्ट्रिंगच्या मर्जीवर सोडलेली असते, तिथे अंकांची संख्या ठरवून देणारा फॉरमॅटर हवा.

याचाच चुलतभाऊ: मॅकवर पास, लिनक्सच्या सीआयवर नापास. जेडीके १५पासून लिनक्सवर घड्याळ नॅनोसेकंदापर्यंतची वेळ देतं, मॅकवर मायक्रोसेकंदापर्यंत. पोस्टग्रेसचा टाइमस्टँप मायक्रोसेकंदच ठेवतो. ऑब्जेक्ट सेव्ह केला, परत वाचला आणि समान आहे का विचारलं, तर मॅकवर सहा अंक गेले, सहा परत आले. लिनक्सवर नऊ गेले, सहा आले. वेळ तयार करतानाच ‘ट्रंकेटेड-टू’ने मायक्रोसेकंदापर्यंत कापली की भानगड मिटते. मायएसक्यूएलमध्ये नुसतं डेटटाइम लिहिलं तर अपूर्णांक ठेवलाच जात नाही, आणि कापण्याऐवजी राउंड केला जातो. अर्ध्या सेकंदापुढची वेळ पुढच्या सेकंदावर जाते. सेकंदापर्यंत कापलेल्या वेळेशी तुलना करणारी टेस्ट साधारण दर दुसऱ्या रनला फुटते, त्यामुळे ती निदान लवकर लक्षात येते.

ठरावीक तारखेला किंवा महिन्यात फुटते

जानेवारीत लिहिली, फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला फुटली: पॅटर्नमध्ये मोठं डी आहे. जावात लहान डी म्हणजे महिन्याचा दिवस, मोठं डी म्हणजे वर्षाचा दिवस. जानेवारीभर दोन्ही सारखेच, १ फेब्रुवारीला ३२ छापलं जातं. जावा ८मधल्या नव्या टाइम लायब्ररीत मोठं डी दोनदा लिहिलं असेल तर वर्षाच्या शंभराव्या दिवशी थेट एक्सेप्शन येतं, कारण तीन अंक दोन जागांत मावत नाहीत (जावा ९पासून मावतात).

बारा तारखेनंतर फुटली: दिवस आणि महिना यांची अदलाबदल. ५ मार्च आणि ३ मे, दोन्ही वैध तारखा, पार्सरला काही खटकत नाही. १३ तारखेला तो तेरावा महिना शोधायला लागतो.

दुपारी एकनंतर फुटली: लहान एच (बारा तासांचं घड्याळ) दोनदा, एएम-पीएम नाही. याला जास्त जागा द्यायची गरज नाही. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ‘अवर-ट्वेल्व्ह: फॉल्स’ लिहून अमेरिकी इंग्रजीत छापलं तर क्रोम मध्यरात्रीला ०० ऐवजी २४ दाखवू शकतो. त्याऐवजी अवरसायकल एच२३ द्या.

डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत फुटली: वर्षासाठी मोठं वाय. ते कॅलेंडरचं वर्ष नाही, आठवड्यावर आधारलेलं वर्ष आहे. ज्या आठवड्यात १ जानेवारी येते तो आठवडा नव्या वर्षाचा पहिला धरला जातो (आयएसओच्या नियमात त्या आठवड्याचे किमान चार दिवस नव्या वर्षात हवेत). १ जानेवारी २०२५ बुधवारी होती. म्हणून ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ या दोन तारखा मोठ्या वायने छापल्या तर ३० डिसेंबर २०२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ अशा येतात. रविवारपासून आठवडा धरणाऱ्या लोकेलमध्ये २९ तारीखही त्यात जाते, आणि भारताची लोकेल त्यातलीच. २९ डिसेंबर २०१४ला ट्विटरच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधून लोक बाहेर फेकले गेले होते, तेव्हा त्यांचा सर्व्हर हेडरमध्ये २०१५ साल पाठवत होता. ३१ डिसेंबरला रात्री ऑन-कॉल असलेल्या बिचाऱ्याला हा बग सांगून कळत नाही, आणि १ तारखेला सकाळी सगळं आपोआप ‘ठीक’ झालेलं असतं. तिकीट बंद. पुढचा डिसेंबर आहेच. काही वर्षी १ जानेवारी नेमकी आठवड्याच्या पहिल्या दिवशी येते, तेव्हा डिसेंबर शांतपणे जातो आणि बग सुटल्याचा गैरसमज आणखी पक्का होतो.

कॅलेंडर फिरून येण्याची वाट बघायची नसेल तर घड्याळ आपल्या हातात घ्या. जावात कोडमध्ये क्लॉक बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये ‘क्लॉक फिक्स्ड’ वापरा. पायथनला फ्रीझगन, जेस्टला फेक टायमर आणि सेट-सिस्टिम-टाइम, डॉटनेट ८पासून टाइमप्रोव्हायडर. ‘आत्ता’ हा शब्द टेस्टमध्ये दोनदा आला तर त्या दोन ‘आत्तां’मध्ये सेकंद बदलू शकतो, मध्यरात्रही होऊ शकते.

गोठवायची तारीखही विचारपूर्वक निवडा. १ जानेवारी २०००, मध्यरात्र, ही सगळ्यात निरुपयोगी तारीख: दिवस-महिना सारखे, वेळ सगळी शून्य. मला ३० डिसेंबर २०२४, १७:०४:०९.१२० ही आवडते. दिवस बारापुढचा, तास बारापुढचा, मोठं वाय पकडलं जातं, मोठं डी पकडलं जातं, मिनिट आणि महिना वेगळे असल्याने एम्‌ची लहान-मोठी गफलत (लहान म्हणजे मिनिट, मोठं म्हणजे महिना) कळते, सेकंद एकअंकी असल्याने आधीचं शून्य तपासलं जातं आणि शेवटचं शून्य छाटणाराही सापडतो. तिच्या जोडीला २ मार्चची एक तारीख आणि भारतीय वेळेने मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाचा एक क्षण. लीप वर्षाची २९ फेब्रुवारी सगळे घेतातच.

निवृत्तिवेतनासारख्या कामात जुन्या जन्मतारखा असतील तर आणखी एक घ्या: १९४३ सालातली कोणतीही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, आणि टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये ते नोंदलेलं आहे. एशिया/कोलकाता झोनमध्ये १९४३मधल्या तारखेला ऑफसेट +०६:३० येतो. ‘भारताचा ऑफसेट कायम +०५:३०’ असं हार्डकोड केलेली टेस्ट तिथे आडवी होते, आणि जन्मतारीख क्षण म्हणून साठवली असेल तर एक तास इकडे-तिकडे होऊन तारीखच बदलते.

झोनचं नाव तपासणाऱ्या टेस्टबद्दल एक लहानशी गोष्ट: ब्राउझरला त्याचा झोन विचारला तर फायरफॉक्स एशिया/कोलकाता सांगतो आणि क्रोम बरीच वर्षं एशिया/कलकत्ता सांगत आलाय. दोन्ही एकच. नावांची तुलना करू नका.

कधीच फुटत नाही

खरी काळजी हिची करावी. वर-खाली लाल होणारी टेस्ट निदान बोलते तरी.

पहिला नमुना: अपेक्षित स्ट्रिंग त्याच फॉरमॅटरने बनवलेली. कोडमधला कॉन्स्टंट टेस्टमध्ये इम्पोर्ट करायचा, त्यानेच ‘अपेक्षित’ काढायचं आणि तुलना करायची. हे म्हणजे विद्यार्थ्याने आपला पेपर आपणच तपासावा तसं. पॅटर्नमध्ये मोठं वाय असलं तर दोन्हीकडे मोठं वायच. अपेक्षित स्ट्रिंग हाताने लिहा, अवतरणात, पूर्ण.

दुसरा: सैल रेजेक्स. ‘चार अंक, रेघ, दोन अंक, रेघ, दोन अंक’ याला ९९ महिना आणि ९९ दिवसही चालतो. शिवाय टोकं बांधलेली नसतात. पायथनचं ‘मॅच’ फक्त सुरुवात बघतं, शेवटी कचरा असला तरी पास. ‘फुलमॅच’ वापरा.

तिसरा: पार्स झालं म्हणजे बरोबर, हा समज. जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट डीफॉल्टने उदार असतं, तेरावा महिना दिला तर पुढच्या वर्षाचा जानेवारी करून देतं. नव्या लायब्ररीत स्वतः पॅटर्न लिहून फॉरमॅटर केला तर तो ‘स्मार्ट’ पद्धतीत असतो, ३१ फेब्रुवारी २०२३ त्याला दिली तर निमूटपणे २८ फेब्रुवारी देतो. कडक हवं असेल तर रिझॉल्व्हर स्टाइल ‘स्ट्रिक्ट’ करा, आणि तेव्हा वर्षासाठी लहान वायऐवजी लहान यू चारदा लिहा. नाहीतर लहान वाय इसवी की इसवीपूर्व असा खुलासा मागतं आणि सगळ्याच तारखा नापास होतात. हे वाचून बऱ्याच जणांना एखादी जुनी दुपार आठवेल.

चौथा, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा: जेसन स्कीमात (जेसन डेटाची रचना ठरवणाऱ्या आराखड्यात) ‘फॉरमॅट: डेट-टाइम’ लिहिलं म्हणजे तपासणी झाली असं वाटणं. २०१९-०९ आणि २०२०-१२ या मसुद्यांत फॉरमॅट हा शब्द मुळात नुसती टीप आहे, तपासणी नाही. पायथनच्या जेसनस्कीमा लायब्ररीत फॉरमॅट-चेकर वेगळा द्यावा लागतो, आणि तो देऊनही डेट-टाइमसाठी लागणारं जादा पॅकेज बसवलेलं नसेल तर गुपचूप सगळं पास होतं. एजेव्ही या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत सातव्या आवृत्तीपासून फॉरमॅट वेगळ्या पॅकेजात गेले आहेत. शंका असेल तर त्या फील्डमध्ये ‘काहीपण’ असा शब्द घालून बघा. टेस्ट हिरवीच राहिली तर उत्तर मिळालं.

एपीआयच्या वेळेची तपासणी मी तीन टप्प्यांत करण्याच्या बाजूने आहे. आधी दोन्ही टोकं बांधलेला रेजेक्स, ज्यात ऑफसेट सक्तीचा आहे. मग कडक पार्स. मग क्षणाची क्षणाशी तुलना, स्ट्रिंगची नाही, कारण १०:००, +०५:३० आणि ०४:३०, झेड हा एकच क्षण आहे. पहिला टप्पा गाळला तर ऑफसेटचं रूप बदललेलं कळत नाही, शेवटचा गाळला तर साडेपाच तासांचं खोटं पकडलं जात नाही.

फक्त स्क्रीनवरच्या तारखेच्या खोक्यात फुटते

ब्राउझरचा तारखेचा इनपुट दिसतो ब्राउझरच्या लोकेलप्रमाणे, पण त्याची व्हॅल्यू कायम वर्ष-महिना-दिवस. सेलेनियमने (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाने) कळा दाबून भरत असाल तर दिसणाऱ्या क्रमाने भरावं लागतं, आणि सीआयवरचा क्रोम बहुधा अमेरिकी असतो, महिना आधी. प्लेराइटचं ‘फिल’ सरळ वर्ष-महिना-दिवस घेतं. सेलेनियमच वापरायचं असेल तर ब्राउझरची भाषा ठरवून द्या आणि तपासताना दिसणारा मजकूर न वाचता व्हॅल्यू वाचा.

फक्त मराठी ठेवलेल्या फोनवर फुटते

सीएलडीआरमध्ये मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत. हिंदीचे नाहीत, तिथे इंग्रजी आकडे धरले आहेत. त्यामुळे हिंदीत टेस्ट केली आणि ‘भारतीय भाषा झाल्या’ म्हणून खूण केली, तर मराठीतला दोष तसाच राहतो. अँड्रॉइडवर सिंपलडेटफॉरमॅटला फोनची डीफॉल्ट लोकेल दिली आणि फोन मराठीत असला, तर एपीआयला जाणारी तारीख थेट देवनागरी आकड्यांत जाते. सर्व्हर म्हणतो चुकीची तारीख. फॉर्म सबमिट होत नाही, आणि डेव्हलपरचा फोन इंग्रजीत असल्याने त्याच्याकडे सगळं चालतं. नेपाळी फोनवरही हेच होतं.

सर्व्हरच्या बाजूला गंमत वाढते. रेजेक्समधलं बॅकस्लॅश-डी जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी आकड्यांशी जुळतं, जावातही डीफॉल्टने तसंच. पायथन ३ आणि डॉटनेटमध्ये ते देवनागरी आकड्यांशीही जुळतं. पायथनचं इंट तर ‘२०२४’ हे देवनागरीत दिलं तरी बिनतक्रार संख्या करून देतं. म्हणजे पायथनचा गेटवे ती तारीख पास करणार, आणि मागची जावा सर्व्हिस नापास करणार. रेजेक्समध्ये ‘शून्य ते नऊ’ अशी श्रेणी स्पष्ट लिहिली की चारही भाषांत वागणूक एक होते.

अ‍ॅपमध्ये यंत्राला जाणारी प्रत्येक तारीख ‘लोकेल रूट’ किंवा ‘लोकेल यूएस’ देऊन छापा. डीफॉल्ट लोकेलबद्दल अँड्रॉइडचं लिंट इशारा देतं, तो दाबून टाकलेला असेल तर आधी तो उघडा. माणसाला दाखवायच्या तारखेत मात्र देवनागरी आकडे राहू द्या. मराठी निवडणाऱ्याला तेच हवे असतात, आणि टेस्टच्या सोयीसाठी ते काढून टाकणं मला पटत नाही. कुठे खरोखर इंग्रजी आकडेच हवे असतील, तर लोकेलच्या नावापुढे युनिकोडचं ‘एनयू-लॅटन’ हे शेपूट लावता येतं. महिन्यांची नावं मराठीत राहतात, आकडे तेवढे बदलतात.

नाइटलीमध्ये एक एम्युलेटर मराठी लोकेलवर आणि भारतीय झोनवर ठेवा, आणि त्याचं घड्याळ रात्री साडेबारावर लावा.